अंशाचा दहावा भाग

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून ताशी 100 किलोमीटरने धावणारी टनभर वजनाची मोटार रस्त्याला फक्त चार ठिकाणी टेकलेली असते आणि त्यातली प्रत्येक जागा जेमतेम तळहाताएवढी असते. वळण, ब्रेक, पावसातली पकड, सगळं एवढ्याशा रबराच्या भरवशावर चालतं. हे चार टेकू एकमेकांशी आणि रस्त्याशी नेमके कोणत्या कोनात उभे आहेत, ते तपासून जुळवणं म्हणजे व्हील अलाइनमेंट. टायरच्या दुकानात 'अलाइनमेंट-बॅलन्सिंग' असं एका दमात म्हटलं जातं, पण बॅलन्सिंग हे चाकाच्या वजनाचं काम आहे. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं की त्याची गरज असते. गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहतं, टायर एकाच बाजूने खातो, ही सारी अलाइनमेंटची दुखणी.

या कोनांतला सर्वांत खट्याळ कोन म्हणजे टो. गाडी वरून पाहिली, तर पुढच्या दोन चाकांची तोंडं किंचित आत वळलेली आहेत की बाहेर, हे टो सांगतो. गाडी उभी असताना चाकं बिनचूक सरळ असून भागत नाही, ती धावताना सरळ व्हावी लागतात. मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत रस्त्याचा विरोध पुढच्या चाकांना बाहेर ढकलतो, रबरी बुश थोडे दबतात, म्हणून अशी चाकं आधीच जराशी आत वळवून ठेवतात. पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत ओढ उलटी असते, त्यामुळे तिथे टो बहुधा शून्याच्या आसपास ठेवतात. म्हणजे चाक उभं कसं आहे यापेक्षा ते पळताना कसं होईल, याचा अंदाज अभियंत्याने आधीच बांधलेला असतो.

आता हिशेब पाहा. एक चाक आपल्या योग्य दिशेपासून अंशाच्या फक्त दहाव्या भागाने चुकलं, तर ते एक किलोमीटरच्या प्रवासात पावणेदोन मीटर आडवं जाऊ पाहतं. गाडी त्याला आडवं जाऊ देत नाही. मग काही आडवेपणा रबर ताणून सोसतं, बाकीचा रस्त्यावर घासला जातो. दहा हजार किलोमीटरमध्ये हा आडवा ओढा सतरा किलोमीटरच्या वर जातो! अंशाचा दहावा भाग डोळ्याला दिसत नाही, पण हाताला कळतो. गाडी उभी करून, टायर थंड असताना, त्याच्या नक्षीवरून तळवा आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं खरखरीत लागलं, तर तो टो बिघडल्याचा पुरावा समजा. फक्त एक कड झिजली असेल तर संशय चाकाच्या कलण्यावर घ्यायचा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त होती.

चाकाचं ते कलणं म्हणजे कॅम्बर, गाडीकडे समोरून पाहताना दिसणारं. तिसरा कोन कॅस्टर, आणि माझ्या मते सगळ्यांत विलक्षण. ज्या रेषेभोवती चाक वळतं ती रेषा वरच्या बाजूला थोडी मागे झुकवलेली असते. ती खाली वाढवली तर जमिनीला चाकाच्या टेकण्याच्या जागेच्या जरा पुढे लागते, म्हणून टेकण्याची जागा सतत त्या रेषेच्या मागे मागे फरफटत राहते आणि चाक आपोआप सरळ होऊ पाहतं. घाटातलं वळण संपल्यावर स्टिअरिंग हातातून सैल सोडलं की ते स्वतःच मध्यावर येतं, त्यामागे मोठा हात या कोनाचा असतो.

कॅस्टर थेट मोजता येत नाही. स्टिअरिंग आधी डावीकडे, मग उजवीकडे ठरावीक अंश वळवायचं, त्या दोन टोकांमध्ये चाकाचा कॅम्बर किती बदलला ते पाहायचं आणि त्यावरून कॅस्टरचं गणित मांडायचं. हल्लीच्या थ्रीडी यंत्रात हे काम कॅमेरे करतात. प्रत्येक चाकावर ठिपक्यांची एक पाटी अडकवलेली असते. वर्तुळाकार ठिपका तिरका झाला की कॅमेऱ्याला लंबवर्तुळाकार दिसतो, आणि तो किती चपटला यावरून पाटी किती वळली हे कळतं. गाडी हाताने थोडी मागे-पुढे ढकलली की ठिपके ज्या मार्गाने फिरतात, त्यावरून संगणक चाकाचा खरा आस शोधतो. रिम थोडी वाकडी असली, पाटी किंचित तिरकी बसली, तरी ती चूक या ढकलण्यातच वजा होते. एवढं सगळं काही मीटरवरून, नुसतं बघून! अर्थात डोकं असेल तर दोऱ्यानेही काम होतं. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोरे ताणून टो मोजायची जुनी पद्धत मोटारशर्यतीतले मेकॅनिक आजही वापरतात.

म्हणून वर्कशॉप शोधताना यंत्र किती नवं आहे यापेक्षा, यंत्र लावण्याआधी आणि लावताना तिथला माणूस काय करतो ते मी बघत उभा राहतो. त्याने आधी चारही टायरची हवा पाहिली का? हवा कमी असेल तर गाडी एका कोपऱ्यात बसते आणि आकडे बदलतात. चाक वर उचलून, दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिलं का? बॉल जॉइंट किंवा स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या टाय रॉडच्या टोकाला 'प्ले', म्हणजे ढिलेपणा, असेल तर आज लावलेला कोन पहिल्याच खड्ड्यात उडून जाणार. 'आधी हा जॉइंट बदला, मग अलाइनमेंट करू' असं सांगून त्या दिवशीचं गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्या मेकॅनिकवर मी डोळे झाकून विश्वास ठेवीन. पुढची चाकं फिरत्या तबकड्यांवर आहेत का, आणि त्या तबकड्यांच्या खिळ्या काढल्यात का, तेही पाहावं. स्टिअरिंग दोन्हीकडे वळवलंच नसेल आणि तरी छापील कागदावर कॅस्टरचा आकडा असेल, तर तो आला कुठून, हे बेधडक विचारा.

कागद मागायचाच, आणि तोही 'आधी' आणि 'नंतर' असे दोन्ही आकडे असलेला. वर गाडीचं मॉडेल बरोबर निवडलंय ना, ते बघा, कारण प्रत्येक मॉडेलची मर्यादा वेगळी. नुसते हिरवे, म्हणजे मर्यादेत बसलेले, आकडे दाखवणारा पडदा सुरुवातीला काय बिघडलं होतं ते सांगत नाही.

मागच्या चाकांचे आकडे मुद्दाम वाचा. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत मागचा आस एकाच आडव्या तुळईचा असतो आणि त्याचे कोन बदलायची सोय नसते. तरीही ते मोजावे लागतात, कारण गाडी जाते मागची चाकं दाखवतात त्या दिशेला. ती दिशा मधल्या रेषेपासून ढळली असेल, तर पुढची चाकं तिच्याशीच जुळवायला हवीत. नाहीतर कागदावर सगळं ठीक आणि रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं. याच गाड्यांत पुढचा कॅम्बरही सहसा कारखान्यातून बदलता न येणारा असतो. एका बाजूचा कॅम्बर बराच चुकला असेल तर कुठला तरी भाग वाकला आहे. तो शोधायचा, की भाग जोर लावून वाकवून आकडा हिरवा करायचा, यावर वर्कशॉपची पारख होते.

प्रत्यक्ष दुरुस्ती किती लहान असते! टाय रॉडचा चेकनट सैल करून रॉड पाव फेरा फिरवला की चाक अंशाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त वळतं. दोन्ही बाजू सारख्या झाल्या, स्टिअरिंग मध्यावर बांधलेलं राहिलं आणि चेकनट परत घट्ट झाला, की झालं.

मग गाडी चालवून पाहा, पण रस्ता निवडून. पाणी वाहून जावं म्हणून साध्या दुपदरी रस्त्याला मधून कडेकडे दोन-अडीच टक्के उतार दिलेला असतो. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे अगदी निर्दोष गाडीही अशा रस्त्यावर हळूहळू डावीकडे सरकते. सपाट जागीही ओढ राहिली, तर पुढचे दोन टायर आपसांत बदलून पुन्हा चालवा (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हा प्रयोग मेकॅनिकला विचारूनच). ओढ आता उजवीकडे गेली, तर दोष टायरच्या बांधणीत आहे आणि टाय रॉडला पाना लावायचं कारणच नाही.