जुन्या मोटारीचा पुढला आंस व नवे शॉक ॲब्सॉर्बर

मोटारीची स्प्रिंग रस्त्याचा धक्का जिरविते असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः स्प्रिंग धक्का सोसते, जिरवीत नाहीं. खड्ड्यांत दाबली गेलेली स्प्रिंग तो जोर सांठविते व लगेच परत करते. मग झोपाळ्यास एकदां दिलेला झोका जसा बराच वेळ चालतो, तशी गाडी वरखालीं हेलकावत राहते. हे हेलकावे शमविणें हें शॉक ॲब्सॉर्बरचें काम होय. तें नीट न झाल्यास बसणाराचें अंग दुखतें एवढेंच नव्हे, तर चाक रस्ता सोडून उचललें जातें; आणि उचललेल्या चाकापुढें ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी ठरतात.

विसाव्या शतकाच्या आरंभींच्या पुष्कळ गाड्यांस घर्षणाचे शॉक असत. पोलादी तबकड्यांमध्यें चामड्याच्या किंवा लाकडाच्या चकत्या घालून त्या बोल्टानें आवळीत. त्यांतला मूळ दोष जमिनीवरून जड पेटी ढकलून पाहिल्यास कळतो. पेटी हलविण्यास आरंभीं मोठा जोर लागतो. एकदां ती सरकूं लागली, म्हणजे वेग वाढविला तरी विरोध फारसा वाढत नाहीं. त्यामुळें असा शॉक बारीक खडीवर आंखडून बसे, आणि मोठ्या खड्ड्यांत अपुरा पडे.

तेलाच्या शॉकची रीत याच्या उलट. कमरेइतक्या पाण्यांतून सावकाश चालणारास पाणी फारसें अडवीत नाहीं, पण तो धावूं लागतांच विरोध एकदम वाढतो. त्याचप्रमाणें शॉकमधील तेल बारीक छिद्रांतून जोरानें ढकललें गेलें कीं अडतें, आणि स्प्रिंगचा जोर उष्णतेच्या रूपानें निघून जातो.

१९२७ च्या अखेरीस अमेरिकेंत बाजारांत आलेल्या ‘फोर्ड मॉडेल ए’ या गाडीचें उदाहरण येथें उपयोगी पडेल. हिचा पुढला आंस म्हणजे एक अखंड घडीव तुळई. तिच्यावर पाट्यांची एकच आडवी स्प्रिंग असते. गाडीस मुळांत ‘हुडाय’ पद्धतीचे शॉक होते. चॅसीवर बसविलेल्या गोल डब्यांत ग्लिसरीन, त्यांत फिरणारें एक पातें, आणि पात्यास आंसाशीं जोडणारा दांडा, अशी ही रचना. काळ लोटला म्हणजे पात्याचा दट्ट्या झिजतो, ग्लिसरीन गळतें, व डबा नुसता शोभेचा राहतो. असे शॉक दुरुस्त होऊं शकतात, पण तें काम फार बारकाईचें आहे. म्हणून पुष्कळ मालक त्यांच्या जागीं नळीच्या आकाराचे आधुनिक शॉक बसवितात.

मात्र नवा शॉक जितका ताठ तितका चांगला, हा समज घातक आहे. पाट्यांच्या स्प्रिंगमध्यें पाटे एकमेकांवर घांसत असल्यानें थोडें शमन आधींच होत असतें. शिवाय ही गाडी सुमारें एक टनाची. जड गाडीसाठीं बनविलेला शॉक तिला लावला, तर स्प्रिंगला हलण्यास वावच राहत नाहीं. प्रत्येक धक्का थेट चॅसीवर जातो, आणि ज्या जागीं शॉक जोडला तेथें तडा जाण्याचा संभव असतो. म्हणून मऊ शॉक निवडावा; दाबतांना कमी व उलगडतांना अधिक अडविणारा असावा. वायूच्या मोठ्या दाबाचा शॉक टाळावा, कारण तो स्वतःच्या बळानें गाडी वर ढकलीत असतो.

दुसरी गोष्ट लांबीची. चॅसी भक्कम घोड्यांवर टेकवून आंस पूर्ण लोंबूं द्यावा व शॉकच्या दोन टोंकांच्या जागांतील अंतर मोजावें. नंतर आंस चॅसीच्या रबरी ठोकळ्यास टेकेल तेव्हांचें अंतर काढावें. समजा, या दोहोंत पांच इंचांचा फरक आला, तर शॉकची चाल सात इंच असावी, म्हणजे दोन्ही बाजूंस एकेक इंच मोकळा राहील. हा मोकळेपणा नसेल, तर खड्ड्यांत आंस शॉकलाच लटकेल, किंवा ठोकळ्याचा मार शॉक खाईल.

तिसरी गोष्ट कलाची. शॉक सरळ उभा असतां त्याचा जो परिणाम होतो, तो ३० अंश कलतांच तीन चतुर्थांशावर येतो. ४५ अंशांवर निम्माच उरतो. कारण तिरपा शॉक कमी सरकतो, आणि त्याचा जोरहि तिरपा लागतो. तेव्हां जागा मिळेल तितका तो उभा ठेवावा.

बसवितांना आंसास भोंक पाडूं नये, व वेल्डिंगहि करूं नये. घडीव आंसाची ताकद अशानें कमी होते, आणि तो मोडला तर चाकच हातचें जातें. वरची पट्टी चॅसीवरील मूळ भोंकांत बसवावी. खालची जोडणी आंसास भोंवतालून आवळणाऱ्या पकडीनें करावी. एक चाक चढलें म्हणजे आंस तिरपा होतो, म्हणून दोन्ही टोंकांस रबरी बुश हवेत. त्यांचे नट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळावे. नाहींतर रबर पिळलेलें राहून लौकर फाटतें. आडवा पडून राहिलेला शॉक बसविण्यापूर्वीं उभा धरून कांहीं वेळां दाबावा व ओढावा, म्हणजे आंत अडकलेली हवा तेलापासून वेगळी होते. शेवटीं स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवून टायर किंवा दांडे कोठें घांसत नाहींत ना, हें पाहावें.

एवढें करूनहि गाडी रस्त्यावर भरकटत असेल, तर दोष शॉकचा नव्हे. झिजलेले किंगपिन व ढिले सांधे यांचा उपाय शॉकमध्यें नाहीं. ते आधीं दुरुस्त करावे. काढलेले मूळ शॉक मोडींत न घालतां तेल लावून जपून ठेवावे. आंस व चॅसी यांस धक्का न लावतां काम केलें असेल, तर पुढच्या मालकास गाडी तिच्या मूळ रूपांत पुन्हां उभी करतां येते. जुन्या वस्तूची सुधारणा अशीच असावी, कीं ती उद्यां काढून घेतां यावी.