किल्लीचा विश्वास
भाद्रपद जवळ आला की अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरील बंद घरे उघडू लागतात. मुंबईस राहणाऱ्या अनेक यजमानांची किल्ली वर्षभर घरकाम करणाऱ्या बाईंपाशीच असते. यजमान येण्यापूर्वी घर झाडूनपुसून त्या देव्हाऱ्यातील समई उजळून ठेवतात. परंतु चतुर्थीस त्यांच्याही घरी गणपती येतो, हे आपल्या ध्यानी असते काय?

दामाशेटींच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंना महाराष्ट्राने संत मानले. २००८ साली राज्याने घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळासाठी कायदाही केला. त्या मंडळाकडील नोंदणीस साहाय्य, वेळेवर वेतन आणि चतुर्थीची हक्काची सुटी, एवढे दिले तरच सोपविलेल्या किल्लीचे मोल फिटेल. विश्वास दोन्ही उंबरठ्यांवर नांदला पाहिजे.