यंत्रांतील अदृश्य संगणक आणि पदव्युत्तर अभियांत्रिकी शिक्षण

दूध संकलन केंद्रावर स्निग्धांश मोजणारे उपकरण, घरोघरीचे विजेचे इलेक्ट्रॉनिक मीटर, निवडणुकीतील मतदान यंत्र आणि रुग्णालयात हृदयाचे ठोके दाखविणारे यंत्र यांपैकी एकालाही कोणी संगणक म्हणत नाही. तथापि या प्रत्येकाच्या अंतर्भागी एक छोटा संगणक नेमून दिलेले काम अखंड करीत असतो. अशा रचनेस अंतःस्थापित संगणक प्रणाली, अर्थात एम्बेडेड सिस्टीम असे म्हणतात. तिची आखणी करणारे अभियंते घडविणे, हे या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणाचे उद्दिष्ट होय.

एका चकतीवरील संगणक

१९७१ मध्ये अमेरिकेतील इंटेल कंपनीने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. मुळात तो एका जपानी कंपनीच्या गणकयंत्रासाठी तयार झाला होता. १९८० मध्ये त्याच कंपनीचा ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर आला. त्याच्या एकाच चकतीवर आज्ञावलीसाठी ४ किलोबाइट व चालू कामासाठी अवघी १२८ बाइट स्मृती होती. एवढ्या तुटपुंज्या जागेत काम बिनचूक बसविणे, हेच या शास्त्राचे मर्म आहे. भारतात १९८२ मध्ये केरळमधील परूर विधानसभा मतदारसंघातील ५० मतदान केंद्रांवर इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र प्रथम वापरण्यात आले.

उच्च शिक्षण कशासाठी?

कार्यालयातील संगणक अडला तर तो पुन्हा सुरू करता येतो. यंत्रातील संगणकाच्या बाबतीत ही मुभा नसते. मोटारीतील सुरक्षा-पिशवी अपघातानंतर सेकंदाच्या काही शतांश भागांतच फुगली पाहिजे. उशिरा आलेले अचूक उत्तर येथे चुकीचेच ठरते. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा या देशांत या यंत्रातून सहा रुग्णांना किरणांची अतिरिक्त मात्रा मिळाली आणि त्यांतील काहींचा मृत्यू ओढवला. आधीच्या यंत्रांतील स्वतंत्र विद्युत् व यांत्रिक अडसर काढून सुरक्षेची भिस्त आज्ञावलीवर ठेवण्यात आली होती व आज्ञावलीत दोष होते. केवळ आज्ञावली लिहिता येणे किंवा केवळ मंडल जोडता येणे पुरेसे नाही, हा यातील धडा होय.

म्हणूनच या अभ्यासक्रमात मायक्रोकंट्रोलरची रचना, सी भाषेतील आज्ञावली, वेळेचे बंधन पाळणारी कार्यप्रणाली, संवेदक, उपकरणांमधील संदेशवहन, विजेची बचत आणि काटेकोर चाचणी हे विषय एकत्र शिकविले जातात. अखेरीस विद्यार्थ्याने प्रकल्प व प्रबंध पूर्ण करावयाचा असतो.

प्रवेशाचा मार्ग

एम.टेक. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. इलेक्ट्रॉनिक्स, विद्युत्, उपकरणीकरण वा संगणक शाखेचे पदवीधर सामान्यतः त्याकडे वळतात. हा विषय पुष्कळदा व्हीएलएसआय, म्हणजे सूक्ष्म एकात्मिक मंडलांची रचना, या विषयाच्या जोडीने शिकविला जातो. त्यामुळे माहितीपत्रकात तो त्या नावाखालीही शोधावा. गेट परीक्षेचे गुणांकन तीन वर्षे ग्राह्य असते. गेट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मासिक शिष्यवृत्ती मिळू शकते. ज्यांना लवकर नोकरी हवी त्यांच्यासाठी पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेची सुमारे सहा महिन्यांची पदव्युत्तर पदविका आहे. तंत्रनिकेतनातील पदविकाधारकांनाही ही वाट बंद नाही; त्यांना अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे.

ग्रामीण विद्यार्थ्यांचे स्थान

विदर्भातील ४५ अंशांचा उन्हाळा, कमीजास्त होणारा विजेचा दाब, धूळ आणि ओल यांत टिकेल असे पंपाचे नियंत्रक वा दूध तपासणीचे उपकरण बनवावयाचे, तर या अडचणी रोज पाहिलेला अभियंता हवा. असा विद्यार्थी आज गावच्या शाळेत आहे. त्याचे गणित व भौतिकशास्त्र पक्के करणे हे शिक्षकांचे, तर शिष्यवृत्ती व प्रवेशाची माहिती त्याच्या घरापर्यंत वेळेवर पोचविणे हे पंचायत सदस्य व अधिकारी यांचे काम आहे.