विश्लेषण : श्रीमंत प्रियकर कायद्याने ‘वडील’ का झाला?

अमेरिकेतील एका गर्भश्रीमंत, अविवाहित गृहस्थाने ऐंशी ओलांडल्यावर साठीतल्या माणसाला दत्तक घेतले. कागदोपत्री ते पिता-पुत्र झाले, पण इतिहासाचे अनेक अभ्यासक त्यांना जोडपे मानतात. समलिंगी विवाहाला मान्यता नसताना अनेकांनी हाच मार्ग धरला. तो का, आणि भारतात तो चालेल का?

कोण होते ॲलर्टन आणि ग्रेग?

रॉबर्ट ॲलर्टन यांचा जन्म १८७३चा. त्यांचे वडील शिकागोतील पशुधन बाजार आणि बँक व्यवसायातील बडे प्रस्थ. १९२२च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या वडिलांसाठी एक कार्यक्रम झाला. वास्तुकलेचा विद्यार्थी जॉन ग्रेग पोरका होता, तर ॲलर्टन यांना मूल नव्हते. तिथे दोघांची गाठ पडली. वयात २६ वर्षांचे अंतर होते. पुढची चार दशके ते एकत्र राहिले, हवाई बेटांवर त्यांनी प्रसिद्ध बाग उभारली. नाते काय, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले नाही. लोकांपुढे ते पिता-पुत्र म्हणूनच वावरले. इलिनॉयच्या कायद्यात सज्ञान व्यक्तीच्या दत्तकविधानाची सोय झाल्यावर १९६० मध्ये ॲलर्टन यांनी ग्रेग यांना रीतसर दत्तक घेतले.

मृत्युपत्र पुरेसे नव्हते का?

मृत्युपत्र करणारा ते केव्हाही बदलू शकतो. शिवाय त्याच्या मृत्यूनंतर भाऊ-पुतणे न्यायालयात आव्हान देऊ शकतात. दत्तक पुत्र हा सर्वात जवळचा वारस ठरतो, त्यामुळे इतर नातलगांचा दावा कमकुवत होतो. रुग्णालयातही ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला उत्तर मिळते. सगळी मालमत्ता एकाच्या नावावर आणि तोच वयाने बराच मोठा असेल, तर तरुण जोडीदारासाठी हे संरक्षण मोलाचे होते.

आणखी कोणी हा मार्ग निवडला?

१९६३च्या वॉशिंग्टन मोर्चाचे मुख्य संयोजक बेयर्ड रस्टिन यांनी. ते श्रीमंत नव्हते, पण जोडीदार वॉल्टर नेगल त्यांच्यापेक्षा ३७ वर्षांनी लहान होते. रस्टिन यांनी १९८२ मध्ये त्यांना दत्तक घेतले. त्यासाठी नेगल यांच्या आईला मुलावरचा हक्क सोडणाऱ्या कागदावर सही करावी लागली. १९८७ मध्ये रस्टिन यांचे निधन झाले. २०१३ मध्ये त्यांना मरणोत्तर मिळालेले ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ नेगल यांनी स्वीकारले.

न्यायालयांना हे मान्य होते?

सर्वत्र नाही. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९८४ मध्ये ५७ आणि ५० वर्षांच्या दोन पुरुषांचा अर्ज फेटाळला. दत्तकविधान हे पालक आणि अपत्याच्या नात्यासाठी आहे, विवाहाला पर्याय म्हणून नाही, असा निकालाचा आशय होता. या मार्गातली दुसरी अडचण नंतर उघड झाली. विवाहाला मान्यता मिळाली, पण कायद्याने बाप-लेक असलेल्यांना लग्न करता येईना. पेनसिल्व्हेनियातील एका जोडप्याला २०१५ मध्ये आधी दत्तकविधान रद्द करून घ्यावे लागले.

भारतात हे शक्य आहे का?

जवळपास नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ नुसार दत्तक जाणारी व्यक्ती १५ वर्षांखालील हवी. रूढी असेल तर अपवाद आहे आणि महाराष्ट्रात अशी रूढी न्यायालयांनी मानली आहे. पण दत्तक घेणाऱ्याला आधीच मुलगा असेल तर त्याला दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. म्हणजे मुलगा असलेल्या एकल पित्यासाठी ही वाट बंदच. एकदा झालेले वैध दत्तकविधान रद्दही करता येत नाही.

मग पर्याय काय?

समलिंगी संबंध २०१८ पासून गुन्हा नाहीत, मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क मान्य करण्यास नकार दिला. त्यामुळे मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाची मालमत्ता मुले, आई अशा वारसांकडे जाते, जोडीदाराला काहीच मिळत नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये संयुक्त बँक खाते आणि नॉमिनी नेमण्यास आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले. पण नॉमिनी केवळ रक्कम स्वीकारतो, मालक ठरत नाही. हयातीत पैसे द्यायचे तर ‘नातेवाईक’ नसलेल्याला वर्षात ५० हजार रुपयांहून अधिक भेट मिळाल्यास त्या रकमेवर कर लागतो. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेला हा कर नाही.

म्हणून दोन साक्षीदारांच्या सह्यांचे स्पष्ट मृत्युपत्र हाच सध्या भक्कम आधार. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद टाळायला उपयोगी पडते. मुले असतील तर त्यांचा आणि जोडीदाराचा वाटा त्यात वेगवेगळा लिहावा, म्हणजे उद्या दोघांना एकमेकांविरुद्ध न्यायालयात उभे राहावे लागणार नाही.