आडनाव तडवी, धर्म कोणता?

खापरला आजचा विषय मी एका चिठ्ठीवरून घेतला आहे. मागच्या एका व्याख्यानानंतर एका तरुणाने ती हातात दिली आणि निघून गेला. खाली नाव नव्हतं. मजकूर थोडाच होता : वर्षभर वाचतो आहे, इस्लाम पटला आहे, स्वीकारावा असं वाटतं. आई रडते. गावातले लोक म्हणतात, तुझा जमातीचा दाखला जाईल. हे खरं आहे का?

बघा, या एवढ्याशा चिठ्ठीत तीन प्रश्न आहेत. पटण्याचा, आईचा आणि दाखल्याचा. आपण ते एकमेकांत मिसळतो आणि मग एकाचंही धड उत्तर मिळत नाही. म्हणून आज ते एकेक करून घेऊ. त्या मुलाने काय करावं हे मी सांगणार नाही. तो निर्णय त्याचा आहे. पण निर्णय घेताना माहिती तरी खरी असावी.

पहिला प्रश्न पटण्याचा. इस्लाम स्वीकारण्याचा विधी अगदी छोटा आहे. अल्लाहशिवाय कोणी उपास्य नाही आणि मुहम्मद हे त्याचे प्रेषित आहेत, ही साक्ष मनापासून मानायची आणि तोंडाने उच्चारायची. यालाच कलमा म्हणतात. साधारणपणे दोन-चार साक्षीदारांसमोर तो म्हटला जातो, त्याआधी किंवा नंतर आंघोळ करतात. नाव बदलायलाच हवं असंही नाही. नावाच्या अर्थात दुसऱ्या कोणाची भक्ती असेल तर बहुधा बदलायला सांगतात. म्हणजे कलमा म्हणायला एक मिनिटही लागत नाही. लांबचा रस्ता त्यानंतर सुरू होतो. दिवसाला पाच वेळा नमाज, रमजानचे रोजे, ऐपत असेल तर जकात, जमलं तर आयुष्यात एकदा हज. आणि हे सगळं कोणाच्या धाकाने किंवा कशाच्या लोभाने केलं, तर त्याला अर्थ नाही. कुराणाच्या दुसऱ्या सूरेतली 256 वी आयत धर्मात जबरदस्तीला जागा नाही हेच सांगते. तेव्हा पहिला प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारायचा. मला हे खरंच पटलंय, की मी कोणावर रागावून निघालोय?

आता दाखल्याचा प्रश्न घेऊ. आईचा मुद्दाम शेवटी ठेवतो.

आपल्या गावावरून जो रस्ता जातो तो बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्ग. पश्चिमेला गेलात तर लगेच गुजरात. पूर्वेला निघालात तर अक्कलकुवा, तळोदा, शहादा करत तुम्ही चोपडा, यावल, रावेरला पोहोचता आणि पुढे बऱ्हाणपूर. इथे आपल्याकडे कोणी आडनाव तडवी सांगितलं, तर आपल्या डोळ्यांसमोर काठीची होळी येते, देवमोगरा मातेची यात्रा येते. याच रस्त्याने यावल-रावेरकडे जा. तिथेही तडवी आडनाव पुष्कळ. पण तिथला तडवी बहुधा मुसलमान असतो. तो तडवी भिल्ल. ईदची नमाज पढतो, निकाह लावतो, मयत दफन करतो. आणि विचारलंत तर सांगतो, मी भिल्ल आहे.

हे काही काल-परवा झालेलं नाही. इंग्रजांनी 1880 साली खानदेशचं गॅझेटियर छापलं, त्यातही मुसलमान झालेले भिल्ल म्हणून तडवींचं वर्णन आहे. औरंगजेबाच्या काळात ते मुसलमान झाले असं परंपरेने सांगितलं जातं. त्याआधीही बऱ्हाणपूरला फारुकी सुलतानांचं राज्य होतं, पुढे 1601 मध्ये अकबराने आसिरगड घेतला. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल आणि इस्लाम यांची ओळख फार जुनी आहे. इतक्या पिढ्या गेल्या, तरी त्या माणसांनी भिल्लपण सोडलं नाही. आपल्या चिठ्ठीवाल्या मुलाला वाटतं, असा प्रश्न पडलेला मीच पहिला. तसं नाही. त्याच्याच रस्त्यावर, थोडं पुढे, हा प्रश्न जगून झालेला आहे.

मग कायदा काय म्हणतो? इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण गल्लत इथेच होते. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांचे नियम सारखे नाहीत. अनुसूचित जातींचा आदेश 1950 चा. त्यात धर्माची अट आहे. सुरुवातीला फक्त हिंदू, 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. अनुसूचित जातीतला माणूस मुसलमान किंवा ख्रिस्ती झाला तर त्या यादीतून बाहेर जातो. गावातल्या लोकांनी बहुतेक हेच कुठेतरी ऐकलेलं असतं आणि ते जमातीलाही लावतात.

अनुसूचित जमातींचा आदेशही 1950 चाच. पण त्यात धर्माची अटच नाही. महाराष्ट्राच्या यादीत आठव्या क्रमांकावर भिल्ल आहेत, त्यातच तडवी भिल्ल, पावरा, वसावे येतात. तेराव्या क्रमांकावर धानका, तडवी, तेतारिया, वळवी. दोन्ही ठिकाणी धर्म विचारलेला नाही. धर्म बदललेल्यांना जमातीच्या यादीतून काढा, अशी मागणी अनेक वर्षांपासून होते आहे. त्यावर सभा होतात, मोर्चे निघतात. पण मागणी वेगळी आणि कायदा वेगळा.

मग धर्म बदलला तरी काहीच बिघडत नाही का? असंही नाही. केरळच्या एका खटल्यात 2004 साली सर्वोच्च न्यायालयासमोर हाच मुद्दा आला. न्यायालयाने सांगितलं की नुसत्या धर्मांतराने माणूस जमातीबाहेर जात नाही. पण तो अजून जमातीच्या रीती पाळतो का, जमात त्याला आपला मानते का, हे पुराव्याने तपासावं लागतं. ही ओळ लक्षात ठेवा. आपण आईच्या प्रश्नाकडे जाऊ तेव्हा ती पुन्हा लागेल.

कागदाच्या बाजूने दोन व्यवहारी गोष्टी. पडताळणी समितीसमोर जुन्या नोंदींना मोठं वजन असतं. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरची जमात, जुने महसुली उतारे. ते आत्ताच जमवून ठेवा, कोणताही धर्म असो. आणि नाव बदललंच तर ते राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या, म्हणजे जुन्या नावाचा दाखला आणि नवं नाव यांचा सांधा जुळतो. जमिनीचं विचाराल, तर आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून महसूल संहितेत 36 आणि 36अ ही कलमं आहेत. तिथेही प्रश्न जमातीचा आहे, धर्माचा नाही.

आता आई.

आई का रडते? तिला कलम माहीत नाही, आयत माहीत नाही. तिची भीती साधी आहे. माझा मुलगा होळीला काठीला येईल का? घरात लग्न निघालं तर मांडवात उभा राहील का? मी मेले तर मला खांदा देईल का? आणि तिची भीती खोटी नाही. इस्लाममध्ये दुसऱ्या कोणाची पूजा करता येत नाही. तेव्हा देवमोगरा मातेसमोर तो पूर्वीसारखा हात जोडणार नाही. हे तिच्यापासून लपवून उपयोग नाही.

पण पूजा म्हणजे सगळं घर नव्हे. पेरणीला हात लावणं, आजारपणात दवाखान्यात नेणं, भावाच्या लग्नात राबणं, मयतीला सगळ्यांच्या आधी पोहोचणं, घरात आपली बोली बोलणं, हे कोणी काढून घेत नाही. कुराणातल्या लुकमान नावाच्या सूरेत आईवडिलांविषयी सांगितलं आहे. आपल्या श्रद्धेविरुद्ध त्यांनी आग्रह धरला तर तेवढं ऐकू नका, पण या जगात त्यांच्याशी चांगलंच वागा. म्हणजे नवा धर्मही त्याला आईपासून तुटायला सांगत नाही. रेघ कुठे ओढायची, कोणत्या सणात किती सामील व्हायचं, यावर मौलवींची मतं वेगवेगळी असतात आणि प्रत्येक घर आपलं उत्तर हळूहळू शोधतं. सोपं नाही ते.

आता न्यायालयाची ती ओळ आठवा. जमात त्याला आपला मानते का? जमात म्हणजे कोण? पहिल्यांदा आईच की. मग भाऊबंद, मग गाव. ज्याला आपण कागदाचा प्रश्न समजत होतो, तो शेवटी घराचा प्रश्न निघाला.

आणि हे गावालाही लागू आहे बरं का. मुलगा नमाजला उभा राहिला म्हणून आपणच त्याला पंगतीतून उठवलं आणि मग म्हणालो, बघा, हा आता आपला राहिला नाही, तर तोडलं कोणी?

तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्या मित्रा, इथे बसला असशील तर ऐक. कलमा म्हटल्याने तुझा दाखला जात नाही. घाई करू नकोस आणि लपूनही काही करू नकोस. आधी आईजवळ बस, तिला तुझ्या तोंडून सगळं कळू दे. आणि मंडळी, त्याची आई तुमच्या शेजारी राहत असेल, तर तिला आज घरी जाऊन एवढंच सांगा, पोरगं भिल्लच आहे, कुठे जात नाही.