पेन ड्राइव्हमधल्या फोल्डरवर बाण दिसला तर…

ताईंनो, आपला पेन ड्राइव्ह बराच फिरतो. कोकम सरबताचं लेबल छापायला तो रत्नागिरीत झेरॉक्सच्या दुकानात जातो, कर्जप्रस्तावाची प्रिंट काढायला आणखी कुठे, आणि संध्याकाळी परत ऑफिसच्या संगणकात. दुकानातल्या संगणकाला दिवसभर कितीतरी पेन ड्राइव्ह लागतात. एकात व्हायरस असला की तो बाकीच्यांत उतरतो. दुकानातल्या दादांना अनेकदा ते कळतही नाही.

नेहमी आढळणारा म्हणजे शॉर्टकट व्हायरस. तो आपली फोल्डर लपवतो आणि त्याच नावाची खोटी चिन्हं समोर ठेवतो. नाव तेच, 'बचत हिशोब'. फक्त कोपऱ्यात छोटा बाण. त्यावर क्लिक केलं की बहुतेक वेळा खरं फोल्डर उघडतंसुद्धा, म्हणून संशय येत नाही. पण त्याच क्लिकने व्हायरस संगणकात शिरतो.

पूर्वी क्लिकचीही गरज नव्हती. विंडोजमध्ये 'ऑटोरन' नावाची सोय होती, पेन ड्राइव्ह लावला की आतला प्रोग्राम आपोआप सुरू. २००८ मध्ये आलेला कॉन्फिकर व्हायरस या वाटेनेही जगभर पसरला. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही पेन ड्राइव्हसाठी ही सोय बंद केली. आता दार बहुतेकदा आपल्याच बोटाने उघडतं.

बाण दिसला तर क्लिक करू नका, आणि कुणी कितीही सांगितलं तरी लगेच फॉरमॅट करू नका! फॉरमॅट केलं तर हिशोब खरंच जाईल. एरवी तो फक्त लपलेला असतो. आधी पेन ड्राइव्हच्या चिन्हावर उजवं क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करा (विंडोज १० मध्ये तो असतोच). मग वरच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'हिडन आयटम्स'वर टिक करा, फोल्डर फिकट दिसू लागतील. नाहीच दिसली तर संगणक शिकलेल्या कुणाला तरी 'अ‍ॅट्रिब' कमांड द्यायला सांगा. आणि ऑफिसचा संगणकही स्कॅन करा, नाहीतर साफ केलेला पेन ड्राइव्ह पुन्हा बिघडेल.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. त्यांचा 'यूएसबी प्रतिरोध' हा सी-डॅकने बनवलेला मोफत प्रोग्राम आहे. अनोळखी पेन ड्राइव्ह तो परवानगीशिवाय वापरू देत नाही.

दुकानासाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा, त्यात फक्त छापायची पीडीएफ. हिशोबाची दुसरी प्रत लिपिकाताईंनी कपाटात ठेवावी. तो पेन ड्राइव्ह बाहेर जाणार नाही, अगदी 'पाच मिनिटांसाठी'सुद्धा.