दादन, मुचलका आणि अंगठा

इंग्रजांनी ढाक्याच्या मलमल विणणाऱ्यांचे अंगठे तोडले, ही गोष्ट आपल्या कापड धंद्यात बापजाद्यांपासून चालत आली आहे. शाळेत आम्ही ती उर्दूत ऐकली, बाजारात मराठीत ऐकली. हकीकत मात्र थोडी निराळी आहे, आणि जास्त कडू आहे.

बंगालमध्ये विणकराला आगाऊ रक्कम देऊन माल बनवून घेण्याची रीत जुनी. या उचलीला दादन म्हणत. त्यातून सूत येई, घर चाले. डच, फ्रेंच, आर्मेनियन, देशी असे गिऱ्हाईक पुष्कळ. त्यामुळे भाव ठरवताना विणकराच्या शब्दालाही किंमत होती.

1753 साली ईस्ट इंडिया कंपनीने दादनी व्यापाऱ्यांना बाजूला सारून स्वतःचे गुमास्ते नेमले. 1757 मध्ये प्लासी झाली, 1765 मध्ये बंगालची दिवाणी कंपनीकडे आली. म्हणजे गिऱ्हाईक तेच आणि सरकारही तेच! मग दाद मागायची कोणाकडे?

पुढचा प्रकार विल्यम बोल्ट्स याने 1772 च्या आपल्या पुस्तकात लिहिला आहे. तो कंपनीचाच माजी नोकर. कंपनीने 1768 मध्ये त्याला हिंदुस्थानातून घालवून दिले होते, तेव्हा त्याचा राग ध्यानात ठेवूनच वाचावे. तो लिहितो की गुमास्ते विणकराकडून मुचलका लिहून घेत, उचल बळेच त्याच्या पदरी बांधत आणि दुसऱ्याचे काम करू देत नसत. माल तपासणारे जाचनदार त्यांना सामील. भाव खुल्या बाजारापेक्षा निदान 15 टक्के, कुठे 40 टक्के कमी. अंगठ्याचा उल्लेखही तिथेच आहे. पण तो मलमलवाल्यांचा नव्हे, कच्चे रेशीम गुंडाळणाऱ्या कारागिरांचा. सक्तीच्या कामातून सुटण्यासाठी त्यांच्यापैकी काहींनी स्वतःच आपले अंगठे कापून घेतले!

त्यात 1769-70 चा दुष्काळ आला. बंगालची निदान एक तृतीयांश वस्ती मेली, असा अंदाज खुद्द वॉरन हेस्टिंग्जने दिला. 1779 मध्ये विलायतेत क्रॉम्प्टनने बारीक सूत काढणारे यंत्र बनवले. जबरदस्तीने आणि उपासमारीने खचलेल्या कारागिराला यंत्राशी टक्कर देणे कसे जमणार?

महाराष्ट्रातील बहुतेक मोमीन घराणी उत्तरेकडून, तीही 1857 नंतर आली. ढाक्याशी त्यांचे रक्ताचे नाते नसेल, मागाचे नाते आहे. मालेगाव, भिवंडीत आजही सूत एकाचे, माग दुसऱ्याचा आणि मजुरी उचलीत वळती, असे चालते. उचल वाईट नाही; तिच्याशिवाय माग फिरत नाही. उचल देऊन कारागिराची वाट अडवणे वाईट.

आम्ही उचल देणाऱ्यांच्या बाजूचे, म्हणून आपल्याच बिरादरीला सांगतो. भाव आधी ठरवा. हिशोब दोघांच्या वहीत, दोघांच्या सहीने लिहा. माल नापास केला तर कारण दाखवा. उचल फिटली की कारागीर मोकळा. एवढे पाळले तर कारागीर टिकेल, आणि तो टिकला तरच आपली पेढी टिकेल.